भोंग्याच्या हाकेवरचे गाव

गिरणगाव उभे राहिले ते घर आणि काम यांतील पायी अंतरावर. गिरण्या गेल्या, जमिनींचे नियम बदलले आणि हे अंतर मैलांमध्ये मोजले जाऊ लागले. लालबाग-परळच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीचा मागोवा.

मुंबईच्या कोणत्याही सरकारी नकाशात ‘गिरणगाव’ नावाचा विभाग सापडत नाही. महापालिकेच्या दृष्टीने तो ई, एफ दक्षिण आणि जी दक्षिण अशा अक्षरांत विभागलेला आहे. रेल्वेच्या दृष्टीने तो चिंचपोकळी, करी रोड, परळ, लोअर परळ आणि प्रभादेवी या स्थानकांत वाटला गेला आहे. तरीही लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड आणि वरळीच्या पट्ट्याला मुंबईकर एकाच नावाने ओळखत आला. या गावाची सीमा कोणी आखली नव्हती. पहाटेच्या पाळीचा भोंगा जेथवर ऐकू जाई आणि तो ऐकून निघालेला माणूस चालत जेथवर वेळेत पोहोचे, ती या गावाची वेस होती.

हा पायी अंतराचा हिशेब लक्षात घेतला, तर गिरणगावचा इतिहास, तेथील चाळी, खाणावळी, उत्सव, संप आणि आजचा घरांचा प्रश्न यांची संगती लागते. तो सोडून दिला, तर उरतात केवळ जुन्या आठवणी.

बेटांमधली स्वस्त जमीन

मुंबई सात बेटांची होती, हे शाळेत प्रत्येकजण शिकतो. परळ हे त्यांपैकी एक आणि तेही पुरातन. येथे १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेले भव्य शैव शिल्प सहाव्या शतकातील मानले जाते. बारादेवीच्या मंदिरात ते आजही आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खाडीतून भरतीचे पाणी आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला आणि मधली खोलगट, दलदलीची जमीन हळूहळू वापरात येऊ लागली. त्या काळी परळला इंग्रज गव्हर्नरांचा बंगला होता. किल्ल्यातील गर्दीपासून दूर असलेले हे हवेशीर ठिकाण साहेबांना मानवत असे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिली कापड गिरणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच बाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या. पण त्या तेजीत आलेला पैसा आणि अनुभव पुढे गिरण्यांच्या कामी आला. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर यंत्रे आणणे सोपे झाले.

नव्या गिरण्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. स्वस्त आणि सलग जमीन, वाफेच्या यंत्रांसाठी पाणी आणि रेल्वेची जवळीक. परळ-लालबागच्या पट्ट्यात या तिन्ही होत्या. दोन बाजूंनी दोन रेल्वेमार्ग जवळजवळ समांतर जात होते. खोलगट जमिनीत तळी खोदणे अवघड नव्हते. अनेक गिरण्यांच्या आवारात अशी तळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा सारा परिसर चिमण्यांनी भरून गेला. धूर वाढला तसे साहेबलोक मलबार हिलकडे सरकले. परळच्या गव्हर्नरांच्या जुन्या वाड्यात १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

तीन मराठी वस्त्या, तीन चाली

गिरगाव, दादर आणि लालबाग-परळ यांना आपण सहज ‘मराठी मुंबई’ म्हणतो; पण या तिघांची जडणघडण निराळी आहे.

गिरगाव हे कारकुनांचे, शिक्षकांचे, छापखान्यांचे आणि वकिलांचे. कोट विभागातील कचेऱ्या तेथून चालत गाठता येत. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ पासून येथे उभा आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला दादरला, पण ३ मे १९१३ रोजी तो प्रेक्षकांपुढे आला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात. प्रेक्षक तेव्हा गिरगावात होता. दादर अजून शहर व्हायचे होते.

दादर घडवले ते प्लेगने. सन १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग दिसला आणि शहराच्या दाट वस्तीचा धोका सरकारला कळून चुकला. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आखीव रस्ते, मोकळ्या जागा आणि हवेशीर इमारती यांची योजना राबवली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्या योजनेची फळे. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये महापालिकेने खुले केले. दादरच्या मध्यमवर्गाला कचेरी गाठायला ट्राम होती, लोकल होती. दादर टी. टी. हे नाव ट्राम टर्मिनसचे. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, नाव मात्र राहिले.

गिरणगावाला असे नियोजन लाभले नाही. गिरणीच्या कुंपणाला टेकून चाळी उठल्या. पाळी सकाळी लवकर सुरू होई आणि दाराशी उशिरा पोहोचलेल्याचा खाडा धरला जाई. ‘बदली’ कामगाराला तर रोज सकाळी दाराशी उभे राहून आज काम मिळते का, हे पाहावे लागे. जॉबरची मर्जी सांभाळायची, तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहणे भाग होते. त्यामुळे घर गिरणीजवळ हवे, ही कामगाराची गरज होती.

एका खोलीचे गणित

माणसे आली ती रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून बोटीने आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांतून. उत्तर प्रदेशातील विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले, तेलंगणातील पद्मशाली विणकरही आले. कोकणातला चाकरमानी बहुधा एकटाच येई. बायकामुले गावी, शेतीचा तुकडा गावी. एका खोलीत एकाच गावचे अनेकजण राहत. त्याला ‘गावकऱ्यांची खोली’ किंवा ‘गाळा’ म्हणत. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी वळकटी पसरत असे. भाडे वाटून, ट्रंका भिंतीला लावून, आणि गावच्या देवाच्या जत्रेची वर्गणी याच खोलीत गोळा करून हा संसार चाले.

या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायकांनी चालवल्या. त्यांतील बहुतेकजणी गिरणी कामगारांच्याच घरच्या होत्या. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या विळख्यातून त्या बाहेर येऊ शकल्या. गिरणीच्या आत स्त्रियांची संख्या घटत गेली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या; सत्तरच्या दशकापर्यंत त्या मोजक्याच उरल्या. गिरणगावच्या अर्थकारणातले त्यांचे श्रम पगारपत्रकावर दिसत नसत, एवढेच.

सरकारनेही घरे बांधली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी चाळी हे नाव पडले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामायिक. त्याआधी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही चाळी उभारल्या होत्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून ते तेथे गेले ते १९३०च्या दशकात.

या जवळिकीला जातीच्या भिंती होत्या, हेही नोंदवले पाहिजे. साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, पगार चांगला मिळे. पण तेथे धोट्यात नवी कांडी घातली की धागा छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यातून विटाळ होतो, असे सांगून अस्पृश्य कामगारांना हे खाते बंद ठेवले गेले होते. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. एकाच भोंग्यावर उठणारे सारेजण एकाच दाराने आत जात, पण एकाच खात्यात बसत नव्हते.

चाळीतून चळवळीकडे

माणसे एकत्र राहतात तेथे बातमी लवकर पसरते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे दिले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर मिळावा, या मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. आज रविवारी निवांत वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने हे ऋण लक्षात ठेवावे असे आहे.

लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. पुढे १९२८ चा संप सहा महिने चालला आणि त्याच वर्षी लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. इतके महिने पगाराविना तग धरणे शक्य झाले, ते वाण्याच्या उधारीवर, खाणावळीच्या उसनवारीवर आणि गावाकडच्या भाकरीवर. गाळ्यातील माणसे संपकाळात गावी जात आणि शहरातील खर्च टळे. संपाचा निधी पुढाऱ्यांच्या पेटीत जेवढा असे, त्याहून अधिक तो अशा नात्यांत साठवलेला असे.

याच पट्ट्यात शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक घुमले. कामगार रंगभूमीची नाटके, कोकणातली दशावतारी आणि नमन, घाटावरचे तमाशे, भजनी मंडळे यांना हुकमी प्रेक्षक मिळाला, कारण तो हाकेच्या अंतरावर होता. चिंचपोकळीचा गणेशोत्सव १९२० पासूनचा, गणेश गल्लीचा १९२८ चा, ‘लालबागचा राजा’ १९३४ चा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला मनुष्यबळ पुरवले ते याच गल्ल्यांनी. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

नंतरच्या दशकात राजकारणाचे वारे फिरले. लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक विजयी झाले आणि शिवसेनेचा पहिला आमदार परळमधून विधानसभेत गेला. शाखा आणि गणेश मंडळे यांचे जाळे ज्या चाळींत पसरले, तेथेच पूर्वी लाल बावट्याच्या समित्या होत्या.

संपलेला नसलेला संप

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ ही एक मागणी. दुसरी, १९४६ च्या कायद्यानुसार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार देणारी व्यवस्था बदलावी, ही. सरकार आणि मालक दोघेही दुसऱ्या मागणीवर हलले नाहीत. दरम्यान कापडाचे काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळले. तेथे मजुरी कमी आणि कामगार कायद्यांची पकड सैल होती. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी हत्या झाली.

गिरण्या केवळ संपामुळे बुडाल्या, असे अजूनही ऐकू येते. ते पूर्ण सत्य नाही. यंत्रे जुनाट झाली होती, नफा अन्यत्र गुंतवला जात होता आणि यंत्रमागांची स्पर्धा संपाआधीच वाढली होती. संपाने या घसरणीला वेग दिला. त्यानंतर एक नवे कारण पुढे आले, ते जमिनीच्या किमतीचे. जी जमीन दीडशे वर्षांपूर्वी स्वस्त म्हणून निवडली गेली, ती आता शहराच्या मधोमध आलेली होती.

एका नियमाची गोष्ट

गिरण्यांच्या ताब्यातील जमीन सुमारे ६०० एकर होती. तिचे काय करायचे, हे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ठरवले. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन भाग करावेत: एक महापालिकेला उद्याने आणि मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. शहराच्या दृष्टीने हे सूत्र न्याय्य होते. राज्य सरकारने १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडाही मागवला.

सन २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता केवळ मोकळ्या जमिनीची करायची, असा तिचा अर्थ. उदाहरण घेऊ. दहा एकरांच्या गिरणीत आठ एकरांवर इमारती आणि दोन एकर मोकळे असतील, तर आधीच्या नियमाने दहा एकरांचे तीन वाटे पडत. नव्या नियमाने दोन एकरांचेच. गिरणी म्हणजे पसरलेली बैठी बांधकामे, त्यामुळे मोकळी जागा मुळातच थोडी. उद्याने आणि घरे यांचा वाटा एका शब्दाने आकसला. या दुरुस्तीला पर्यावरणवादी संस्थेने आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला.

त्यानंतरचे चित्र सर्वांसमोर आहे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा लिलाव झाला. त्यात दादरची कोहिनूर क्रमांक ३ ही गिरणी २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना गेली. दादरच्याच इंदू मिलच्या सुमारे १२ एकर जागेवर डॉ. आंबेडकर यांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. सार्वजनिक कारणासाठी सलग राखली गेलेली ही मोजक्या जमिनींपैकी एक.

गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, पण रस्ते, पूल आणि स्थानके जुनीच राहिली. ती ज्या कामगारांसाठी होती, ते चालत येत. नवा नोकरदार विरार, कल्याण, पनवेलहून येतो. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मरण पावले. पायी अंतरासाठी बांधलेल्या जागेवर दूरवरच्या प्रवाशांचा भार टाकताना कोणी हिशेब केला नव्हता.

हिशेब बाकी आहे

गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरले आणि म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत काढली. घर २२५ चौरस फुटांचे, पण गिरणीच्याच जमिनीवरचे. बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत २०२० मध्ये निघाली. घरासाठी आलेले अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. आजवरच्या सोडतींतली घरे त्यांच्या सुमारे दशांश भरतात. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी येथे ८१ हजार घरांची योजना सरकारने पुढे आणली. ही स्थानके कर्जतच्या मार्गावर, बदलापूरच्याही पलीकडे. घरे मुंबईतच द्यावीत, या मागणीसाठी कामगार आणि त्यांचे वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमले. संपात उतरलेला पंचविशीतला तरुण आज सत्तरीच्या घरात आहे. अनेक अर्जांवर आता मुलांची आणि विधवांची नावे आहेत.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. वरळीतील ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. जमीन सरकारची असली आणि मूळ रहिवासी तेथेच राहावा असे ठरवले, तर मार्ग निघतो, एवढे त्यावरून दिसते. गिरगावच्या भाडेनियंत्रित चाळींतही हाच प्रश्न आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, दुरुस्ती रखडली आणि पुनर्विकासात नवी जागा मिळाली, तरी तिचा मासिक देखभाल खर्च न झेपल्याने अनेक कुटुंबे बोरिवली-डोंबिवलीकडे गेली. मेट्रोची भुयारी मार्गिका २०२५ मध्ये गिरगावातून धावू लागली, तेव्हा तिच्यातून उतरणारा गिरगावकर किती, हे विचारण्याची वेळ आली होती.

लालबागचा उत्सव दरवर्षी गर्दीचे नवे विक्रम करतो. त्या दिवसांत बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला गेलेली कुटुंबे आपल्या जुन्या चाळीत परततात, मंडळाच्या कामाला लागतात, विसर्जनानंतर शेवटची लोकल पकडतात. गावाशी असलेले त्यांचे नाते तुटलेले नाही. तुटले आहे ते अंतर. गिरणी कामगारांच्या घरांची चर्चा चौरस फुटांत आणि लाखांत होते. ती मैलांतही व्हायला हवी. ज्यांनी हे शहर चालत कामाला जाऊन उभे केले, त्यांना त्याच शहरात किती दूर ठेवायचे, हा या वादातला खरा मुद्दा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी हाती असलेली वर्षे आता फार नाहीत.